पांढरा फेटा निळा का झाला?

उत्रोलीत आमच्या पुतणीचे लग्न होते. आदल्या रात्री माजघरात हळद लागली. वर पिवळा बल्ब होता. व्हिडिओ कॅमेरा त्या उजेडाला लावलेला. सकाळी तो तसाच अंगणात आणला. थोरल्या भाऊंचा पांढराशुभ्र फेटा चित्रात निळा आला. चेहराही निळसर! भाऊ आता नाहीत. त्यांचे हलतेबोलते चित्र तेवढेच आहे.

असे का झाले? बल्बचा उजेड तांबूस-पिवळा असतो. दुपारचे ऊन पांढरे, तर सावलीतला उजेड निळसर. आपले डोळे हा फरक सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला मात्र पांढरे कोणते ते सांगावे लागते. त्याला 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात.

रंग बिघडले तर आधी टीव्हीवर दुसरे चित्र लावून बघा. तेही बिघडलेले दिसले, तर दोष टीव्हीचा. नाहीतर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वर ठेवा. तरी जमले नाही, तर कोरा पांढरा कागद घ्या. माणसे बसणार तिथेच धरा. कागदाने चित्राची चौकट भरू द्या. मग व्हाइट बॅलन्सचे बटण दाबून धरा. पुष्कळ कॅमेऱ्यांत एक खूण लुकलुकते. ती थांबली की झाले. जागा बदलली की पुन्हा कागद धरा.

मांडवाचे कापड लाल, तर आतला उजेडही लाल. आपल्याकडे लाल कापडाची हौस भारी! तेव्हा कागद मांडवातच धरावा. खिडकीचा आणि बल्बचा उजेड एकत्र असला, तर कागदाचाही इलाज चालत नाही. बल्ब तरी घालवा, नाहीतर खिडकी लावा.

भाऊंचे चित्र भोरच्या एका मुलाने संगणकावर सुधारून दिले. फेटा पांढरा झाला. चेहऱ्याचा सावळा रंग काही पुरता परत आला नाही.