बैलगाड्यांच्या वाटेवर मोटारीचा ब्रेक

पौष अमावास्येस केस्लापूर येथे नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातील गोंड मंडळी बैलगाड्यांनी तेथे येतात. अशा दिवसांत इंद्रवेल्लीच्या परिसरात रात्री मोटार हाकणाऱ्यास समोर अकस्मात बैलगाडी दिसावी, यात नवल नाही. तिला मागचा दिवा नसतो.

अशा वेळी ब्रेक दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा, अशी शिकवण जुन्या चालकांस मिळालेली असते. चाके जखडली की स्टिअरिंग फिरवूनही मोटार वळत नाही, म्हणून ती शिकवण योग्यच होती. परंतु एप्रिल २०१९ पासून भारतातील नव्या मोटारींस एबीएस ही चाके जखडू न देणारी यंत्रणा बंधनकारक झाली. ती प्रत्येक चाकाचा वेग मोजते आणि चाक जखडू लागताच त्याच्या ब्रेकवरील दाब सेकंदात अनेक वेळा कमी-अधिक करते. चालकाने पायाने तेच करू जाणे म्हणजे तिच्या कामात व्यत्यय आणणे होय. ब्रेक पूर्ण जोराने दाबून तसाच धरावा व स्टिअरिंग वळवून बैलगाडीस बगल द्यावी. पायाखाली थरथर जाणवते, खडखड ऐकू येते. त्यास बिघाड समजून पुष्कळजण पाय उचलतात आणि तेथेच घात होतो.

सुट्या खडीवर मात्र एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते; तेथे वेग आधीच कमी असावा.

किल्ली फिरवताच एबीएसचा पिवळा दिवा लागून विझला पाहिजे. न विझल्यास साधा ब्रेक चालतो, पण चाके जखडू शकतात. तेवढ्यापुरती जुनी रीतच खरी. त्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही जळत राहिला, तर मोटार रस्त्यावर काढू नये.