संकेतस्थळाची साफसफाई

४ फेब्रुवारी २०२० रोजी ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. जुना आकडा सांगणारे पान बँकेच्या संकेतस्थळावर तसेच राहिल्यास शोधयंत्र ठेवीदारासमोर नेमके तेच आणू शकते. शिवाय २०११ मध्ये गुगलने ‘पांडा’ हा बदल केल्यापासून निकृष्ट पानांचा फटका संपूर्ण संकेतस्थळाच्या शोधक्रमास बसू शकतो.

म्हणून उपयुक्त पान अद्ययावत करावे. एकाच विषयावरील अनेक पाने एकत्र करून जुने पत्ते ‘३०१’ या कायम पुनर्निर्देशनाने नव्या पानाकडे वळवावेत. निरुपयोगी पान काढून टाकावे. मृत खातेदाराच्या वारसांना मार्गदर्शन करणारे पान मात्र क्वचितच उघडले जात असले, तरी राखावे. वाचकसंख्या हा एकमेव निकष नव्हे. खतावणीप्रमाणे संकेतस्थळाचाही ताळा नियमित जुळवावा.