परसात उतरलेला नवरंग

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला चिपळूणजवळ आमच्या परसात मैनेपेक्षा लहान, हिरव्या पाठीचा, बुडाशी लाल पक्षी पाचोळा उलटताना दिसला. खंड्या असेल का?

उत्तर : नाही, तो नवरंग. खंड्याची चोच लांब आणि भक्कम, बैठक पाण्याकाठी किंवा तारेवर. नवरंग मात्र झाडांच्या सावलीत जमिनीवर टुणटुण उड्या मारत किडे, गांडुळे शोधतो. आखूड शेपटी, डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेला रुंद काळा पट्टा, पांढरा गळा आणि खांद्यावरचा चमकदार निळा ठिपका पाहिलात, की शंका उरत नाही. नर-मादी सारखेच दिसतात.

हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून तो पावसाच्या तोंडावर विणीसाठी आपल्याकडे येतो. प्रवास रात्रीचा, दमलेला पक्षी कधी घरातही शिरतो. तसा सापडला तर भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात शांत ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, वनविभागाला कळवा.

पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची खणखणीत शीळ ऐका. तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ म्हणतात, ते यामुळेच. आणि परसातला पाचोळा कृपया जाळू नका. त्याचे ताट तेच आहे.