डांबरगोळी आणि ट्रान्झिस्टर

आजच्या युगाला कोणी अणुयुग म्हणतात, कोणी संगणकयुग म्हणतात. मला ते स्फटिकयुग म्हणावेसे वाटते. कारण संगणकापासून खिशातल्या फोनपर्यंत बहुतेक साधनांच्या पोटात सिलिकॉनच्या स्फटिकाचा तुकडा बसलेला आहे. मी कलाशाखेचा विद्यार्थी. तरीही या अंकासाठी विज्ञानाचा विषय निवडला, तो एका कुतूहलापोटी. कपड्यांच्या पेटीत टाकायच्या डांबरगोळीचे द्रव्य सिलिकॉनचे काम करू शकेल काय?

प्रथम शब्दांचे अर्थ पाहू. तांब्यातून वीज सहज वाहते, काचेतून वाहत नाही. या दोहोंच्या मधले पदार्थ म्हणजे अर्धसंवाहक. त्यांतील प्रवाह उष्णतेने, प्रकाशाने किंवा विद्युतदाबाने कमीजास्त करता येतो, आणि ट्रान्झिस्टरचे सारे काम याच गुणावर चालते. ज्यांच्या रेणूंचा सांगाडा कार्बनचा, ते पदार्थ कार्बनी. एकस्फटिक म्हणजे ज्यात रेणूंची मांडणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच शिस्तीत असते असा स्फटिक. साखरेचा एकेक दाणा एकस्फटिक असतो. खडीसाखरेचा खडा मात्र बहुधा अनेक स्फटिक एकमेकांत रुतून बनलेला असतो.

मग साखर अर्धसंवाहक का नाही? तिच्या रेणूंतील इलेक्ट्रॉन बंधांत जखडलेले असतात. डांबरगोळीचे परंपरागत द्रव्य नॅप्थॅलीन. त्याच्या रेणूत कार्बनची दोन षटकोनी कडी जोडलेली असतात, अँथ्रासीनमध्ये तीन. या कड्यांवरील काही इलेक्ट्रॉन एका अणूचे न राहता साऱ्या रेणूचे होतात, आणि रेणू दाटीने शेजारी बसले की विद्युतभार एकावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो.

परंतु त्यासाठी एकस्फटिकच का हवा? आपल्या पवनीने हातमाग पाहिलेले आहेत. सलग धाग्यावरून बोट फिरवावे तर ते अडखळत नाही; जागोजागी गाठी असतील तर प्रत्येक गाठीशी अडते. असंख्य बारीक स्फटिकांच्या पातळ थरात विद्युतभाराचे असेच होते. दोन स्फटिकांच्या सीमेवर तो अडकतो. अशा थरावर केलेले मोजमाप पदार्थाचे नसून त्यातील गाठींचे असते. पदार्थाची खरी योग्यता एकस्फटिकातच कळते. सोन्याला कसोटीचा दगड, तसा अर्धसंवाहकाला एकस्फटिक.

असा स्फटिक वाढवण्याची रीत समजायला सोपी आहे. सिलिकॉन 1414 अंश सेल्सिअसला वितळते, नॅप्थॅलीन सुमारे 80 अंशांना. शिवाय नॅप्थॅलीन न वितळताही वाफ होऊन उडते. पेटीतली गोळी झिजते ती याच संप्लवनामुळे. प्रयोगशाळेत काचेच्या नळीच्या एका टोकाला द्रव्य तापवतात, निष्क्रिय वायूच्या मंद झोताने वाफ पुढे नेतात, आणि थंड भागात पातळ, चकचकीत स्फटिक धरतात.

या विषयाचा इतिहास जुना आहे. अँथ्रासीनवर प्रकाश पडला की त्याची संवाहकता वाढते, हे पोकेत्तिनो यांनी 1906 मध्ये दाखवले. 1947 मध्ये जर्मनीत हार्टमुट कालमान यांनी किरणोत्सर्ग ओळखण्यासाठी नॅप्थॅलीनचा उपयोग केला. त्याच कालमान यांनी पुढे पोप आणि मॅग्नान्टे यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये अँथ्रासीनच्या एकस्फटिकातून विजेने प्रकाश काढला. ते वर्ष होते 1963, आणि दाब लागला सुमारे 400 व्होल्ट. 1987 मध्ये टँग आणि व्हॅनस्लाइक यांनी अतिशय पातळ थर वापरून दहा व्होल्टांच्या आत हेच साधले. आजचे ओएलईडी पडदे या वाटेने आले. त्यांतले थर एकस्फटिक नसतात, पण घराणे तेच.

विद्युतभार किती चपळाईने सरकतो, याच्या मापाला गतिशीलता म्हणतात. सामान्य तापमानाला सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनांसाठी ती सुमारे 1400 वर्ग सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद असते, तर नॅप्थॅलीनमध्ये एकाच्या आसपास. पण 1985 मध्ये वार्टा आणि कार्ल यांनी अतिशुद्ध नॅप्थॅलीनचा एकस्फटिक द्रव हेलियमच्या तापमानापर्यंत थंड केला, तेव्हा ती सुमारे 400 पर्यंत गेली! डांबरगोळीत एवढे सामर्थ्य दडले होते.

अशा क्षेत्रात मोहही मोठा असतो. बेल प्रयोगशाळेतील यान हेन्ड्रिक शोन या तरुण शास्त्रज्ञाने 2000 च्या सुमारास कार्बनी स्फटिकांविषयी एकामागून एक थक्क करणारे दावे केले. इतरांना ते प्रयोग साधेनात. पुढे लक्षात आले की, निरनिराळ्या प्रयोगांच्या आलेखांत अगदी एकसारख्या बारीक थरथरी आहेत. चौकशी समितीने मूळ नोंदी मागितल्या, तर नोंदवह्या नाहीत आणि संगणकातील मूळ आकडे पुसलेले. सप्टेंबर 2002 च्या अहवालात 24 आरोपांपैकी 16 सिद्ध झाले.

विषय तेथे संपला नाही, हे विशेष. 2003 मध्ये पोद्झोरोव्ह, गेर्शेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुब्रीन या लालसर स्फटिकाच्या ट्रान्झिस्टरमध्ये सुमारे 8 गतिशीलता मोजली. 2004 मध्ये ती एका दिशेने सुमारे 15 आणि तिच्या काटकोनात सुमारे 4 आढळली. कापडाचा उभा व आडवा धागा सारखा नसतो, तसेच हे. शोनच्या दाव्यांपुढे हे आकडे साधे वाटतील, पण ते इतरांनाही मिळाले.

हे सारे आपल्यापासून फार दूर नाही. नागपूर विद्यापीठाचे डॉ. संजय ढोबळे यांनी एन. थेजो कल्याणी आणि हेन्ड्रिक स्वार्ट यांच्यासह ओएलईडीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ 2017 मध्ये निघाला. आपल्या विज्ञानशाखेच्या मित्रांनी तो अवश्य पाहावा.

कलाशाखेने यातून काय घ्यावे? पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन झाले, आणि शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल 1972 मध्ये छापून सर्वांपुढे ठेवला. स्तूपाविषयी आज कोणाला वेगळे मत मांडायचे असेल, तर थरांच्या त्या नोंदी तपासायला खुल्या आहेत. आपण निबंध लिहितो, सर्वेक्षण करतो, म्हाताऱ्यांकडून ओव्या टिपून घेतो. त्या टिपणवह्या जपून ठेवणे आणि मागेल त्याला दाखवणे, एवढे तरी आपल्याला प्रयोगशाळेवाचून करता येईल.