डॉ. सॉल हर्ट्झ यांचे थायरॉइड-संशोधन आणि आपली चिकित्सा

गलगंड हा विषय आपणांस नवा नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील त्रिशोथीय अध्यायात त्याचा निर्देश केला आहे, तर सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची व अर्बुद यांच्यासमवेत त्याचे सविस्तर वर्णन केले आहे. तथापि आज चिकित्सालयात येणारा बहुतेक थायरॉइड-रुग्ण हातात रक्ताचा रिपोर्ट घेऊनच येतो. काही रुग्ण 'आयोडीनचा डोस' घेऊन आलेले असतात. हा डोस म्हणजे नेमके काय आणि तो कसा सिद्ध झाला, हे वैद्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे. त्या इतिहासाच्या मुळाशी डॉ. सॉल हर्ट्झ या अमेरिकन संशोधकाचे नाव आहे.

हर्ट्झ यांचा जन्म १९०५ साली क्लीव्हलँड येथे पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. १९२९ साली हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी संपादन करून ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील थायरॉइड विभागात रुजू झाले. ग्रेव्हज व्याधीत ग्रंथी अतिरिक्त स्राव करते. रुग्ण कृश होतो, हृदयस्पंदन वाढते, नेत्र बाहेर येतात. त्या काळी यावर शस्त्रकर्म हाच मुख्य उपाय होता व तो निर्धोक नव्हता. ग्रंथी आयोडीन शोषून घेते हे ज्ञात होते. परंतु किती आणि किती वेगाने, हे जिवंत शरीरात मोजण्याचे साधन नव्हते.

नोव्हेंबर १९३६ मध्ये एमआयटीचे अध्यक्ष, पदार्थवैज्ञानिक कार्ल कॉम्प्टन यांचे हार्वर्ड येथे व्याख्यान झाले. भौतिकशास्त्र वैद्यकासाठी काय करू शकेल, हा त्याचा विषय. व्याख्यानानंतर हर्ट्झ यांनी एकच प्रश्न विचारला : आयोडीन कृत्रिम रीतीने किरणोत्सारी करता येईल काय? कॉम्प्टन यांनी पुढे पत्राने कळविले की ते शक्य आहे. आम्हांस हा प्रसंग विशेष महत्त्वाचा वाटतो. इटलीत फर्मी यांनी १९३४ सालीच असे आयोडीन बनविले होते. पण भौतिकशास्त्रज्ञाला थायरॉइडशी कर्तव्य नव्हते आणि वैद्याला न्यूट्रॉनशी. दोहोंची गाठ घालणारा प्रश्न मात्र रुग्ण पाहणाऱ्याच्या मनात आला.

१९३७ साली एमआयटीचे तरुण पदार्थवैज्ञानिक आर्थर रॉबर्ट्स यांच्या सहकार्याने ४८ सशांवर प्रयोग झाले. हाती असलेले आयोडीन-१२८ अवघ्या २५ मिनिटांत निम्मे होई. म्हणजे बनवायचे, टोचायचे आणि मोजायचे, सारे घाईने. तरीही सशाची ग्रंथी ते आयोडीन वेचून घेते, आणि उत्तेजित ग्रंथी अधिक घेते, हे सिद्ध झाले. १९३८ साली निबंध प्रसिद्ध झाला. एमआयटीत वैद्यकीय कार्यासाठी सायक्लोट्रॉन उभा राहिल्यावर अधिक टिकणारे आयोडीन उपलब्ध झाले : मुख्यत्वे आयोडीन-१३० व थोड्या प्रमाणात आयोडीन-१३१. १९४१ सालच्या आरंभीच्या महिन्यांत हर्ट्झ यांनी ग्रेव्हजच्या रुग्णास ते प्रथमच चिकित्सा म्हणून दिले.

यापुढील भाग संशोधन करू इच्छिणाऱ्या प्रत्येक व्यवसायबंधूने बारकाईने पाहावा. हर्ट्झ किरणोत्सारी आयोडीन दिल्यानंतर रुग्णाच्या रक्षणार्थ साधे आयोडीनही देत. साध्या आयोडीनने ग्रेव्हजची लक्षणे काही काळ शमतात, हे तेव्हा सर्वांना माहीत होते. साहजिकच आक्षेप आला की गुण कोणत्या औषधाचा? १९४३ साली हर्ट्झ नौदलात गेले. त्यांच्या पश्चात डॉ. अर्ल चॅपमन यांनी साधे आयोडीन वगळून मोठ्या मात्रेत किरणोत्सारी आयोडीन दिले. युद्धानंतर हर्ट्झ परतले, तेव्हा त्यांची जागा त्यांना परत मिळाली नाही. मे १९४६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्राने दोन्ही निबंध एकाच अंकात छापले. हर्ट्झ व रॉबर्ट्स यांचा २९ रुग्णांचा, आणि चॅपमन व इव्हान्स यांचा २२ रुग्णांचा. प्रथम कल्पना कोणाची, यात आता शंका उरलेली नाही. पण आक्षेप शास्त्रीय होता, तो केवळ मत्सराचा नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. थायरॉक्सिन चालू असलेल्या रुग्णास आपण कांचनार गुग्गुळ देतो, तीन महिन्यांनी टीएसएच उतरतो आणि लेख तयार होतो! त्या लेखावर येणारा आक्षेप नेमका हाच असतो.

कर्करोगाचे दालन याच सुमारास उघडले. डॉ. सॅम्युअल सायडलिन यांच्याकडे असा एक रुग्ण आला, ज्याची ग्रंथी दुष्ट गलगंडासाठी पूर्वीच काढलेली होती. तरीही त्यास अतिस्रावाची लक्षणे होती. शरीरात अन्यत्र पसरलेले कर्करोगाचे अंश स्वतःच थायरॉइडचे कार्य करीत होते. जे आयोडीन घेते, त्याला आयोडीनवाटेच मारता येईल, या तर्काने दिलेल्या मात्रेने ते अंश आकसले. हा वृत्तांत डिसेंबर १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. थायरॉइडच्या कर्करोगात एकूणच कर्करोगाची किल्ली सापडेल, असा हर्ट्झ यांचा विश्वास होता. ती आशा त्या रूपात फळली नाही. १९५० साली अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

१९४६ पासून अणुभट्टीतील आयोडीन-१३१ मुबलक मिळू लागले व तेच रूढ झाले. त्याचे अर्धायुष्य ८ दिवसांचे. त्याचे बीटा किरण ऊतीत एक-दोन मिलिमीटरच जातात, म्हणून शेजारचे अवयव बव्हंशी वाचतात. गॅमा किरणांमुळे चित्र घेता येते. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ साली परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन केले, आणि महाराष्ट्रातील असंख्य थायरॉइड-रुग्ण तेथून उपचार घेऊन गेले आहेत. हेच आयोडीन-१३१ चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातानंतर दुधावाटे बालकांच्या पोटात जाऊन थायरॉइड कर्करोगास कारण झाले. द्रव्य एकच, मात्रा व पात्र भिन्न. विष व औषध यांचा हा संबंध वैद्यास वेगळा सांगावयास नको. शिवाय प्रत्येक रुग्णास ते लागतेच असेही नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, ७७६ रुग्णांच्या फ्रेंच अभ्यासात, अल्पधोक्याच्या कर्करोगात शस्त्रकर्मानंतर आयोडीन न देताही तीन वर्षांपर्यंतचे परिणाम कमी प्रतीचे ठरले नाहीत.

आता आपल्या चिकित्सालयाकडे वळू. थायरॉइड कर्करोगात टीएसएच बहुधा प्राकृत असतो. म्हणून गाठ हाताला लागत असता 'रिपोर्ट नॉर्मल आहे' या आधारावर सहा-सहा महिने लेप व गुग्गुळ चालविणे आम्हांस सर्वथा गैर वाटते. कठीण, स्थिर, वाढती गाठ, स्वरभेद, गिळण्यास त्रास, मानेत अन्य ग्रंथी, कुलवृत्तात हा व्याधी किंवा बालपणी मानेवर झालेला किरणोपचार, यांपैकी काहीही आढळल्यास प्रथम सोनोग्राफी व आवश्यकतेनुसार सुईने पेशी-तपासणी करवून घ्यावी. सुश्रुतांनीही श्वासकष्ट, अरुची, क्षीणता व भिन्नस्वर असलेला, वर्ष उलटलेला गलगंडी वर्ज्य सांगितला आहे. कांचनार गुग्गुळ हा शार्ङ्गधरोक्त उत्तम कल्प आहे. तथापि निदानाची जागा तो घेऊ शकत नाही.

ग्रंथी शस्त्राने काढलेल्या वा आयोडीनने नष्ट झालेल्या रुग्णाचे थायरॉक्सिन कोणीही बंद करू नये. ते आता त्याच्या देहाचे इंधन आहे. पाचन देऊन ग्रंथी परत येत नाही. औषधी दुकानदार बंधूंनी एक गोष्ट आवर्जून ध्यानी ठेवावी. लोह व कॅल्शियम यांच्या सान्निध्यात थायरॉक्सिनचे शोषण घटते. मंडूर, नवायस लोह, लोहासव, तसेच शंख, प्रवाळ, शौक्तिक भस्म ही सारी याच वर्गात मोडतात. सकाळी अनशेपोटी गोळी व लगेच मधातून भस्म, असे घडले तर टीएसएच वाढतो आणि गोळीची मात्रा विनाकारण वाढविली जाते. दोहोंत किमान चार तासांचे अंतर असावे, आणि ते अंतर पुडीवरच लिहून द्यावे.

किरणोत्सारी आयोडीन घेण्यापूर्वी एक-दोन आठवडे अल्प-आयोडीन आहार सांगितला जातो. त्या काळात सागरी द्रव्ययुक्त कल्प आम्ही थांबवितो व रुग्णाकडून तज्ज्ञास तसे कळवितो. गर्भिणी व स्तन्यदा यांस ही चिकित्सा निषिद्ध आहे. मात्रेनंतर शरीरातील उरलेले आयोडीन मूत्र, लाळ व स्वेद यांवाटे बाहेर पडते. सबब तज्ज्ञांनी घातलेली बंधने संपेपर्यंत स्वेदन, बस्ती आदी पंचकर्मे करू नयेत, कारण परिचारकासही त्याचा संसर्ग होतो. नंतर काही रुग्णांस मुखशोष जाणवतो. तेथे गंडूषाने आराम वाटल्याचे रुग्ण सांगतात. तुलनात्मक नोंदी मात्र आमच्याजवळ नाहीत. ज्यांच्याकडे असे दहा-वीस रुग्ण असतील, त्यांनी गंडूषापूर्वीची व नंतरची स्थिती, सोबतची औषधे आणि दिनांक यांसह लिहून ठेवावी व या त्रैमासिकाकडे पाठवावी.