रिस्टोर केलेला सिनेमा पाहताना: अनुभवाचे बोल

पुण्यात आमचा जुन्या सिनेमांचं वेड असलेल्यांचा एक गट आहे. कुणाच्या तरी घरी जमायचं, पडदे ओढून घ्यायचे, सिनेमा पाहायचा आणि मग जेवणाचं भान विसरून भांडायचं, असा आमचा रिवाज. सगळ्यात जास्त भांडणं झाली ती सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या रिस्टोर केलेल्या ब्ल्यू-रे संचावरून. अमेरिकेतल्या क्रायटेरियन या कंपनीनं तो नोव्हेंबर २०१५मध्ये काढला. त्या वादांतून मला जे कळत गेलं ते इथे मांडतो.

१. पहिला प्रश्न एकच: हे कशावरून केलं?

डिस्कच्या वेष्टनावर ‘४के रिस्टोरेशन’ एवढंच लिहिलेलं असलं तर त्यावरून काही कळत नाही. मूळ कॅमेरा निगेटिव्ह वापरली, की तिच्यावरून काढलेली ड्यूप निगेटिव्ह, की थिएटरात फिरून झिजलेली प्रिंट, यावर सगळं ठरतं. प्रत्येक नकलेत थोडा तपशील गळतो, आणि तो पुढे कोणत्याही संगणकानं परत येत नाही.

अपू चित्रत्रयीचं उत्तर ऐकलं तेव्हा आमच्यातले सगळे गप्प झाले होते. ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपुर संसार’ (१९५९) यांच्या मूळ निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन लॅबमध्ये होत्या. राय यांना १९९२मध्ये मानाचं ऑस्कर मिळालं आणि त्यानंतर महिन्याभरातच ते गेले. पुढच्या वर्षी, जुलै १९९३मध्ये, त्या लॅबला आग लागली. काही रिळं जळाली, काही वितळली, उरलेली ठिसूळ झाली. त्या काळी कोणतीही लॅब त्यांना हात लावू शकली नसती. तरीही अमेरिकेतल्या ऑस्कर अकादमीनं राय यांच्या रिळांचा जो जो तुकडा हाती लागला तो मागवून घेतला आणि वीसेक वर्षं सांभाळून ठेवला. ज्याचा तेव्हा काहीही उपयोग नव्हता ते डबे कुणीतरी फेकून दिले नाहीत, याबद्दल मला त्या अनोळखी माणसांचे पाय धरावेसे वाटतात.

२०१३च्या सुमारास ते तुकडे इटलीत बोलोन्याच्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ या लॅबमध्ये गेले. तिथे वाळलेल्या फिल्मला पुन्हा ओलावा देऊन ती लवचिक केली गेली. वितळून चिकटलेला टेप आणि मेण खरवडून काढलं गेलं. काठाची तुटलेली छिद्रं नव्यानं बसवली गेली. हे हातानं करायचं काम जवळपास हजार तास चाललं. शेवटी ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हवरून स्कॅन करता आला. ‘अपुर संसार’ची निगेटिव्ह मात्र कामास येण्यापलीकडे गेली होती. तो चित्रपट आणि बाकीच्या दोन्हींमधल्या रिकाम्या जागा जगभरच्या संग्रहांत मिळालेल्या फाइन-ग्रेन मास्टर आणि ड्यूप निगेटिव्ह या नकलांवरून भरल्या गेल्या.

हे माहीत नसलं की प्रेक्षक म्हणतो, ‘हा शॉट इतका स्वच्छ, मग पुढचा मऊ का?’ आमच्याकडेही हे विचारलं गेलं. असा फरक बहुतेक वेळा मुळातच असतो. एक शॉट मूळ निगेटिव्हवरचा, दुसरा नकलेवरचा. तो फरक पुसून टाकण्यासाठी चांगला शॉट मुद्दाम मऊ केला नाही, हे मला या कामाचं मोठेपण वाटतं.

२. ग्रेन ही घाण नाही.

घरी नवा मोठा टीव्ही आलेला माणूस हमखास विचारतो, ‘इतका खर्च करून ह्या मुंग्या कशा राहिल्या?’ फिल्मवरची प्रतिमा मुळात चांदीच्या बारीक कणांतूनच घडते. ते कण पुसायचे म्हणजे प्रतिमेचा काही भाग पुसायचा. ‘पॅटन’ची २००८ची ब्ल्यू-रे आणि ‘प्रिडेटर’ची २०१०ची आवृत्ती ही याची कुप्रसिद्ध उदाहरणं. ग्रेन इतका धुऊन काढला की चेहरे मेणाचे झाले, कापडाचा पोत गेला. चाहत्यांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतले. ‘पॅटन’ची सुधारलेली आवृत्ती पुढे २०१२मध्ये आली.

आता ‘पथेर पांचाली’तली इंदिर ठाकरूण आठवा. चुनीबाला देवींचा तो सुरकुत्यांनी भरलेला चेहरा, बोळक्या तोंडाचं हसू, फाटक्या शालीचे धागे. जुन्या डीव्हीडीवर तो चेहरा एक करडा डाग व्हायचा. नव्या प्रतीत कातडीवरची रेघन्‌रेघ दिसते आणि तिच्यावर ग्रेन जिवंतपणे हलत असतो. पावसाआधी तळ्याच्या पाण्यावर सरसरणारे किडे पाहा, तिथेही तेच. ग्रेन पुसणाऱ्या यंत्राला तो किडा आणि तो कण यांतला फरक कुठून कळणार?

३. आठवणीतली प्रिंट पुरावा म्हणून चालत नाही.

‘आम्ही फिल्म सोसायटीत पाहिला तेव्हा तो अधिक गडद होता,’ हे वाक्य आमच्या गटात ठरलेलं. ज्यांनी तो तेव्हा पाहिला त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण सोसायटीतली १६ मिमीची प्रिंट म्हणजे नकलेची नक्कल, आणि तिची काळी सावली बऱ्याचदा राय यांची नसून लॅबची असायची.

छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी ‘पथेर पांचाली’ हातात घेतला तेव्हा ते विशीत होते आणि त्याआधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलं गेलं. तिथे मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा प्रकाश खालून त्यावर टाकून परतवला, म्हणजे अंगणात उतरणारा मऊ उजेड मिळेल. हे ज्याला ठाऊक आहे तो त्या घरात कडक काळ्या सावल्या मागणार नाही.

तरीही एक अडचण उरतेच. राय १९९२मध्ये गेले, मित्र २००१मध्ये. किती उजेड ठेवायचा हे विचारायला कुणीच उरलं नव्हतं. उलट ‘मंथन’ (१९७६) रिस्टोर होताना दिग्दर्शक श्याम बेनेगल आणि छायाचित्रकार गोविंद निहलानी दोघेही शेजारी बसू शकत होते. ती प्रत मे २०२४मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली आणि त्याच डिसेंबरात बेनेगल गेले. हयात असलेल्या दिग्दर्शक-छायाचित्रकारांच्या चित्रपटांना आधी हात घाला, असं मी म्हणतो ते यासाठी.

४. चौकटीला हात लावू नका.

अपू चित्रत्रयीतले चित्रपट जवळपास चौकोनी चौकटीत घेतलेले आहेत. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. पडदा ‘भरण्यासाठी’ चित्र ताणलं तर अपूची बहीण दुर्गा जाडी दिसते, वरून कापलं तर आभाळ जातं. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंगही बंद करा.

५. आवाजाकडे कुणी बघत नाही, म्हणून तोच आधी मरतो.

‘पथेर पांचाली’त काशफुलांच्या रानात अपू आणि दुर्गा आगगाडी पाहायला जातात. वाटेत विजेच्या मोठ्या खांबापाशी थांबून दोघं तारांची गुणगुण ऐकतात. आता विचार करा: जुन्या ध्वनिपट्टीतली घरघर काढण्यासाठी कुणी सरसकट गाळणी लावली, तर ती गुणगुणही त्याच घरघरीत मोजली जाईल. मुलं खांबाला कान लावून काय ऐकताहेत हेच प्रेक्षकाला कळणार नाही.

दुसरी जागा अधिक अवघड. अपूचे वडील हरिहर परगावाहून परततात, तोवर वारलेल्या दुर्गेसाठी आणलेली साडी पुढे करतात आणि तिची आई सर्वजया कोसळते. तिचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई उंच सुरात फुटते. खराब प्रतींत हा सूर फाटका आणि कर्कश यायचा. नव्या प्रतीत तो टोकदार राहूनही फाटत नाही. मागे थोडी सरसर उरली आहे आणि ती राहू दिली हे योग्यच केलं. आमच्यातला एक मित्र संगीत शिकवतो. या प्रसंगानंतर त्यानं बराच वेळ कुणाशी बोलणं टाळलं.

६. विकत घेण्याआधी रीजन बघा.

ब्ल्यू-रेच्या हिशेबात अमेरिका ‘ए’ विभागात येते, भारत ‘सी’मध्ये. त्यामुळे तिकडून मागवलेली डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर बहुधा चालत नाही. सगळे विभाग वाचणारा प्लेअर घ्यावा लागतो. ४के अल्ट्रा एचडी डिस्कना ही अट नसते.

७. रिस्टोर करणं वेगळं, बदलणं वेगळं.

‘मुघल-ए-आझम’ २००४मध्ये पूर्ण रंगीत करून आला. त्यानिमित्तानं नव्या पिढीनं तो थिएटरात पाहिला याचा मला आनंद आहे, पण त्याला रिस्टोरेशन म्हणणं मला मान्य नाही. ‘शोले’चं प्रकरण निराळं. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे शेवट बदलावा लागला होता. २०२५मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवलेल्या रिस्टोर केलेल्या प्रतीत ठाकूर गब्बरला मारतो, हा मूळ शेवट परत आला. तो दिग्दर्शकाचा होता, म्हणून तो यायलाच हवा होता. पण पन्नास वर्षं देशानं जो शेवट पाहिला तोही आता इतिहास आहे. घरी पाहण्याच्या आवृत्तीत दोन्ही असावेत, असा माझा आग्रह आहे.

८. आपल्या घरची रिळं.

अपू चित्रत्रयीवरची आमची प्रत्येक चर्चा शेवटी प्रभात फिल्म कंपनीवर येऊन थांबते. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि गौरीबाईंची जिजाई यांच्या चेहऱ्यांवरचा तपशील पाहायचा तर सहज मिळणाऱ्या धूसर प्रतींत तो सापडत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, झटकन पेट घेणारी. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जिथे एकेकाळी प्रभात स्टुडिओ होता त्याच एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेच्या आवारात, नायट्रेट रिळांच्या गोदामाला आग लागली आणि आपल्या जुन्या सिनेमाचा मोठा ठेवा गेला. लंडनच्या आगीतून उरलेल्या तुकड्यांना वीस वर्षांनी जीवदान मिळालं. आपल्याकडे अजून जे कुठे कुठे पडून आहे त्यालाही ते मिळू शकतं.

म्हणून वाचकांना विनंती. तुमच्या वाड्याच्या माळ्यावर, बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या सामानात, एखाद्या आजोबांच्या ट्रंकेत फिल्मचे डबे असतील तर ते भंगारात देऊ नका. प्रोजेक्टरवर लावून बघू नका, उन्हात ठेवू नका, जवळ दिवा किंवा काडी नेऊ नका. डबा उघडल्यावर आंबट व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म सडू लागली आहे असं समजा आणि उशीर करू नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवा. डब्यावरची चिठ्ठी फाटकी असली तरी ती डब्यासोबतच ठेवा.