माथेरानचा तांबडा रस्ता आणि नगरपरिषदेचे पैसे

खेड्याला ग्रामपंचायत असते आणि शहराला नगरपरिषद असते, हे आपण शिकलो. पण आपल्या गावाच्या डोक्यावर जो डोंगर दिसतो, त्याच्या माथ्यावरही एक नगरपरिषद आहे. मी माथेरानविषयी लिहितो आहे. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील रोज सकाळी तिकडे कामाला चढतात. कोणी घोडा घेऊन, कोणी हमालीला, कोणी हॉटेलात. तेव्हा तिथली नगरपरिषद पैसे कशावर खर्च करते हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

माथेरान आपल्या कर्जत तालुक्यात आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब तिथे चढून गेले आणि मग साहेबलोकांचे बंगले झाले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांनी नेरळहून छोटी आगगाडी वर नेली. २०११ च्या जनगणनेत माथेरानात फक्त ४,३९३ माणसे होती. माणसे थोडी, पण पाहुणे भारी! सुट्टीच्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसते. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला आत जाताना कर भरून पावती घ्यावी लागते. तो पैसा नगरपरिषदेला मिळतो.

माथेरानात मोटार चालत नाही. सगळ्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. ॲम्ब्युलन्सला मात्र परवानगी आहे. नाक्यापासून बाजारपेठ दोन-अडीच किलोमीटर. तेवढे अंतर पायी जा, घोड्यावर जा, नाहीतर छोट्या गाडीने जा. भाजी, तांदूळ, गॅसची टाकी, सगळे घोड्याच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर जाते. म्हणजे तिथला रस्ता किती महत्त्वाचा ते बघा.

आता धड्याचा मुख्य भाग. महाराष्ट्रात नगरपरिषदांचा कायदा १९६५ साली झाला. त्यात कामांचे दोन भाग केले आहेत. काही कामे आवश्यक, म्हणजे केलीच पाहिजेत. रस्ते बांधणे आणि दुरुस्त ठेवणे, दिवाबत्ती, झाडलोट, गटारे, पिण्याचे पाणी ही आवश्यक. दुसरी कामे ऐच्छिक. पैसे असतील तर करावीत. बागा, वाचनालये ही ऐच्छिक. दरवर्षी नवे वर्ष लागण्याआधी, म्हणजे १ एप्रिलच्या आधी, नगरसेवकांच्या सभेत अंदाजपत्रक मंजूर करतात. कुठून किती येणार आणि कशावर किती जाणार, ते त्यात मांडतात.

मला आधी वाटले, मग भांडण कसले? रस्ता आवश्यक, बाग ऐच्छिक, झाला निकाल. गुरुजी हसले. म्हणाले, "अरे, बागेचे उद्घाटन होते, दगडावर नावे कोरतात. गटारातला गाळ काढला तर नारळ कोण फोडतो?" हे मला पटले. आपल्या गावातही नव्या कामाचा फलक दिसतो. जुन्या कामाच्या दुरुस्तीचा फलक मी तरी पाहिला नाही.

गुरुजींनी मग वर्गात एक खेळ घेतला. प्रत्येक गटाला १०० चिंचोके दिले. हे तुमचे एका वर्षाचे पैसे. खडूने फरशीवर पाच चौकोन काढले. पाणी, दिवे, झाडलोट, रस्ता, आणि पॉइंट व बाग. नियम असा की रस्त्याला २० पेक्षा कमी चिंचोके दिले, तर पुढल्या वर्षी त्याला ४० द्यावेच लागतील, कारण पाऊस थांबत नाही. खिडकीकडच्या गटाने बागेला ३५ दिले. झोपाळे, घसरगुंडी, पॉइंटवर बाक, सगळे केले. रस्त्याला १० उरले. पहिल्या वर्षी त्यांचेच माथेरान छान दिसत होते. दुसऱ्या वर्षी रस्त्याला ४० द्यावे लागले, आणि पाण्याचे व दिव्यांचे चिंचोके काढून घ्यावे लागले. दाराकडच्या गटाने उलट केले. रस्त्याला ५० आणि बागेला शून्य. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मग पाहुणे येतील कशाला? आणि पाहुणे नाही आले तर माझे बाबा कोणाचे सामान उचलतील?" सगळा वर्ग गप्प झाला. तिचे वडील हमाली करतात.

माझ्या मते तिचे म्हणणे खरे आहे. पण तिथे आणखी एक गोष्ट आहे. माथेरानात पाहुणे बघतात काय? पॉइंट बघतात, शार्लोट तलाव बघतात हे खरेच. पण दिवसभर ते चालतात त्या तांबड्या रस्त्यावरून, झाडांच्या सावलीतून. मोटारीचा आवाज नाही, धूर नाही, यासाठीच लोक लांबून येतात. मुंबईच्या बागेत जायला रस्ता लागतो. माथेरानात रस्ता हीच बाग आहे. तिथे रस्ता खराब झाला की करमणूकही खराब होते.

तो खराब का होतो? तिथली जमीन जांभ्या दगडाची. तिची माती तांबडी आणि सुटी. उन्हाळ्यात घोड्यांच्या टापांनी तिची भुकटी होते आणि पाहुण्यांचे कपडे लाल होतात. पावसाळ्यात पाणी उतारावरून रस्त्यातूनच धावते आणि माती घेऊन जाते. झाडांची मुळे उघडी पडतात. मुळे उघडी पडली की झाड वाऱ्याने पडते, आणि सावली जाते. पाण्याचा जोर केवढा असतो? २६ जुलै २००५ च्या पावसात छोट्या गाडीचा मार्ग वाहून गेला होता. ती गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडले.

आम्ही शाळेमागे प्रयोग केला. तांबड्या मातीचे तीन सारखे उतार केले. पहिला तसाच ठेवला. दुसऱ्याच्या कडेने बोटाने चर पाडला आणि पाणी चराकडे वळेल असा उतार थोडा तिरका केला. तिसऱ्यावर कौलाचे तुकडे दाबून बसवले. प्रत्येकावर एकेक तांब्या पाणी ओतले. पहिल्यावर मधोमध घळ पडली. दुसऱ्यावर थोडीच माती गेली. तिसऱ्यावर तुकडे राहिले, पण कडेला चर नव्हता तिथून पाणी खाली शिरले आणि दोन तुकडे सुटले. तुम्हीही करून पाहा. तांब्या जरा उंचावरून ओता.

कौलाच्या तुकड्यांवरून आता ब्लॉकची गोष्ट सांगतो, कारण माथेरानात त्यावर खूप वाद झाला. धूप थांबावी म्हणून रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवू लागले. काही लोक म्हणाले, हे बरे आहे, चिखल जाईल, म्हातारी माणसे व आजारी माणसे नीट जातील. काही म्हणाले, माथेरानचे रूप जाईल, आणि ब्लॉक आले की मागून मोटारी येतील. माथेरान २००३ पासून पर्यावरणाच्या दृष्टीने जपायचे क्षेत्र ठरले आहे. त्यामुळे नगरपरिषदेला एकटीला ठरवता येत नाही. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रयोग म्हणून चालवून पाहिल्या होत्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढणे सहा महिन्यांत बंद करा, आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळतील असे करा. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक बसवायला हरकत नाही, पण आतल्या रस्त्यांवर बसवू नका. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही सरकारला सांगितले.

आमच्या घरात हा वाद जेवताना चालतो. बाबांचा घोडा आहे. तात्यांनी, म्हणजे माझ्या मोठ्या चुलत्यांनी, बारा वर्षे हातरिक्षा ओढली. त्यांच्या तळहाताला घट्टे आहेत. बाबा म्हणतात, "तात्या, तुम्ही काय पण म्हणा, घोड्याला पाय रोवायला माती लागते. ब्लॉक ओला झाला की नाल सरकतो." तात्या म्हणतात, "तू घोड्याच्या पायाचं बघतोस, मी माझ्या गुडघ्यांचं बघतो. चिखलात चाक रुतलं म्हणजे छातीत कळ यायची, ते तुला ठाऊक नाही." आजी म्हणते, "आधी जेवा दोघं." मला दोघांचेही खरे वाटते. मी त्यांना शाळेमागचे तीन उतार दाखवले. बाबांनी चराकडे बोट दाखवले. तात्या म्हणाले, "चर ठीक आहे, पण दर पावसाच्या आधी साफ केला पाहिजे. नाहीतर पाला अडकतो आणि पाणी परत रस्त्यावर येतं." इथे बाबांनी मान डोलावली.

मी नगरसेवक असतो तर पहिले चिंचोके चर आणि मोऱ्या साफ करायला दिले असते, मे महिन्यातच. मग पॉइंटचे कठडे, कारण ते मोडले तर माणूस दरीत जाईल. मुलांना खेळायला मोकळे मैदान ठेवायला फार खर्च येत नाही. नवा झोपाळा त्यानंतर. पण झोपाळा मला हवा आहे, हेही लिहून ठेवतो.

चिंचोके अजून गुरुजींच्या डब्यात आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर दुसरी फेरी आहे. या वेळी गटात पालकांनी बसायचे आहे. घोडेवाले, हमाल, रिक्षावाले आणि हॉटेलात काम करणारे यांनी एकेका गटात मिसळून बसावे, असे गुरुजींनी सांगितले आहे. आपापला तांब्या घेऊन यावे.